वाळवणाला वार नसतो

मु. कुरणवाडी, पो. चाकण, ता. खेड
रविवार, ता. ६ जानेवारी १९५७

नात्यानं वडील आणि रागानं त्याहून वडील असे आमचे दाजी हिंदुराव यांच्या पायांवर, नारायणगाव मुक्कामी, धाकटा मेहुणा मुरारी याचं डोकं इथूनच ठेवलं आहे, ते उचलायला सांगावं.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो. तात्यांचा खोकला आहे तिथंच आहे, आईचे गुडघे आहेत तिथं नाहीत, आणि आमच्या मंडळींचं माझ्याशी बोलणं गेल्या गुरुवारपासून पुन्हा सुरू झालं आहे (हे खुशालीत धरायचं की नाही ते आपण ठरवावं). आपली तब्येत कशी आहे? विशेष म्हणजे पोट कसं आहे? आपल्याला पित्त आहे, सोसत नाही ते पोटात गेलं की दोन दोन दिवस अंथरूण धरावं लागतं, हे मला ठाऊक असल्यानं जीव सारखा तिकडे लागलेला असतो. गेल्या महिन्याभरात काही अनोळखी, वाळलेलं, लांबट असं खाण्यात आलं नाही ना? मी आपलं सहज विचारतो. अक्काला आशीर्वाद नाही, नमस्कार सांगावा, ती माझ्याहून मोठी आहे हे ती विसरू देत नाही. दिवाळीच्या धोतराचा काठ आपल्याला पसंत पडला नाही हे कानावर आलं. त्याबद्दल सगळ्या घरानं मान खाली घातलेली आहे.

पत्र लिहायचं कारण काहीच नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं, एवढंच. इकडची थोडी हकिकत कळवतो, म्हणजे आपली करमणूक होईल.

आपल्याला माहीत आहेच की मी वर्षभर पिंपरीच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागलेलो आहे. रोज सायकल मारत मोशी-भोसरीवरून जायचं आणि यायचं. लागलेलो आहे म्हणजे टेंपरवारी. टेंपरवारी माणसाला कंपनीत गेटमधून आत घेतात, पण कधी बाहेर काढतील ते सांगत नाहीत. जानेवारीच्या शेवटी कायम होणाऱ्यांची यादी बोर्डावर लागायची आहे. आमच्या खात्यात आम्ही अकरा जण, आणि जागा चार. हेडक्लार्क म्हणाले, तुझं काम ठीक आहे, पण तुझ्या इटालियन साहेबानं शब्द टाकला तर बघ. हे साहेब म्हणजे पेद्रिनी साहेब, मशिनं बसवायला तिकडून आलेले. मनुष्य देवासारखा, फक्त जेवत नाही. डाळ बघून उसासे टाकतो आणि भात बघून डोळे मिटतो. दिवाळीच्या सुमारास एकदा दुपारी हातातला पाना खाली ठेवून मला मोडक्या हिंदीत सांगायला लागला, की त्याच्या गावी त्याचा बाप घरीच मटण बारीक चिरून, मीठमिरं लावून, आतड्यात ठासून, तळघरात टांगून वाळवायचा. आणि नाताळच्या दिवशी सगळे जण ते पातळ काप करून खायचे. सांगता सांगता साहेबानं बोटांनी हवेत काप करून दाखवले. आणि दाजी, त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, की साहेब, हे तर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

का म्हणालो ते विचारू नका. अकरा माणसं आणि चार जागा असल्या की माणूस काय वाटेल ते बोलतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या काय चालत आलं आहे ते आपल्याला ठाऊक आहे (खोकला). साहेबानं माझे दोन्ही खांदे धरले आणि नाताळला एक घेऊन ये म्हणाला. मग मी पुढचे चार दिवस, तुमची पद्धत आणि आमची पद्धत जरा ताडून बघू या, अशा थाटात त्याच्याकडूनच सगळं काढून घेतलं. मटणाला भरपूर चरबी हवी. शेराला इतकं मीठ, ठेचलेला लसूण, मिरं, आणि चिमूटभर सोरा. पाच आठवडे वाऱ्याला पण सावलीत टांगायचं. अंगावर पांढरी बुरशी आली की समजायचं, जमलं. आणि तिसरा हिस्सा वजन वाळून कमी होतं, त्याला घाबरायचं नाही. साहेबाच्या बापाकडे मटण चिरायचं यंत्र होतं, भरायचं यंत्र होतं आणि तळघर होतं. आमच्याकडे विळी होती.

बोकडाचं सहा शेर मटण चाकणच्या खाटकाकडून आणलं. (साहेबाकडे डुकराचं करतात. ते मी घरात सांगितलं नाही, आणि आपलं बोकडाचं आहे हे साहेबाला सांगितलं नाही. अशानं दोन्हीकडे शांतता राहिली.) विळीवर चिरता चिरता एक अख्खा दिवस गेला. आतडी धुवायला आमच्या मंडळी बसल्या, आणि उठल्या त्या न बोलताच उठल्या. भरायला काही साधन नव्हतं, तेव्हा घरातलं रॉकेलचं नरसाळं तीन वेळा चुलीच्या राखेनं घासलं आणि त्याच्यातून बाभळीच्या काठीनं मटण आत ढोसलं. रॉकेलचा वास गेला होता असं मी म्हणतो, मंडळी म्हणत नाहीत. आत हवा राहू नये म्हणून बाभळीच्याच काट्यानं टोचून टोचून भोकं पाडली. सोरा आणला भिमाजीकडून. तो विहिरींना सुरुंग लावतो, त्याच्याकडे सुरुंगाच्या दारूसाठी डबाभर सोरा असतो. चिमूट कुणाच्या बोटांची हे साहेबानं सांगितलं नव्हतं, आणि भिमाजीचे पंजे आपण लग्नात पाहिलेलेच आहेत. तर अशा हातभर लांबीच्या पाच नळ्या तयार झाल्या आणि माजघराच्या आढ्याला टांगल्या. तो दिवस बुधवार होता. घोडं पुढं शनिवारी अडलं.

शनिवार माझा. कायम होऊ दे, म्हणून मारुतीला शनिवार बोललो आहे. रविवार तात्यांचा, खंडोबाचा. सोमवार आईचा, शिवाय दोन्ही एकादश्या तिच्याच. मंगळवार मंडळींचा, देवीचा. ज्या दिवशी ज्याचा वार त्या दिवशी घरात वशाट चालत नाही, आणि आढ्याला पाच नळ्या लोंबतायत! साहेबानं पाच आठवडे टांगायला सांगितलं, पण कुठल्या वारी कुठं, ते सांगितलं नव्हतं. बिचाऱ्याच्या देशात वार नुसतेच येतात आणि जातात. आई दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "हे भाईर काढ, न्हाईतर मी तरी जाते." दोन्हींपैकी नळ्या हलक्या होत्या.

मग वारांचं वेळापत्रकच आखलं. शेजारच्या सोपानरावांच्या घरी मंगळवार, गुरुवार आणि एकादशी पाळतात, म्हणजे रविवार-सोमवार तिकडे. भिमाजी फक्त अमावास्या पाळतो (त्या दिवशी सुरुंगही लावत नाही), म्हणून शनिवार-मंगळवार त्याच्याकडे. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार आमच्याकडे. एकादशी पडली की सगळा घोळ नव्यानं. शिफ्टवरून आलो की आधी काठीला पाच नळ्या अडकवायच्या आणि खांद्यावर घेऊन गावातून निघायचं. पहिल्या आठवड्यात लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात नळ्यांकडे बोट करून विचारायला लागले, "साहेब आज कुणाकडं मुक्कामाला?" तिसऱ्या आठवड्यात मला कुणी विचारीनासं झालं, कारण माझ्या आधी सगळ्यांनाच ठाऊक असायचं.

आता गावातल्या माणसाच्या घरी वस्तू ठेवली, तर तो ती नुसती ठेवत नाही, सुधारतो. सोपानरावांच्या आई गवराबाई यांनी सोऱ्याचं ऐकलं तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. घरात बिडी बंद, सोपानरावांनी ओढायला ओढ्यापर्यंत जायचं. आणि त्यात पांढरी बुरशी धरायला लागली. मी हात जोडून सांगितलं होतं, मावशी, तिला हात लावू नका, तीच खूण आहे. त्या व्हय व्हय म्हणाल्या आणि माझी पाठ वळताच राखेनं खसाखसा घासून पाचही नळ्या स्वच्छ केल्या, वर हळद चोळली, आणि सोरा उतरावा म्हणून रात्रभर ताकात बुडवून ठेवल्या. बुरशी पुन्हा आली, त्यांनी पुन्हा घासली. असं दर मुक्कामी झालं. त्यात एक नळी मऊ पडली, ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तिचं कालवण केलं आणि रीतसर वाटीभर आमच्याकडेही पाठवलं. मी तेव्हा शिफ्टवर होतो. घरी आलो तो वाटी घासून पालथी घातलेली.

भिमाजीचं वेगळंच. त्याच्या मते वस्तू ओली लागत होती, म्हणून त्यानं चुलीवर टांगून गोवऱ्यांचा धूर दिला, आणि धुरानं कोरडी पडली म्हणून वर कांदा-लसणाचा मसाला चोळला. शेवटी एक नळी राखणदारीची म्हणून ठेवून घेतली, आणि तसं तोंडावर सांगितलं. माणूस सरळ आहे. दाजी, नळ्या वाळून वजनाला कमी होतात एवढं साहेबानं सांगितलं होतं. वाळून मोजणीला कमी होतात, हे नव्हतं सांगितलं.

मार्गशीर्ष लागला आणि खंडोबाचे सहा दिवस आले. गुरुवारही बंद झाले. सहा दिवस अख्ख्या गावात वशाट नाही, कांदा नाही, वांगं नाही. तेव्हा उरलेल्या तीन नळ्या शेतातल्या रिकाम्या कांद्याच्या चाळीत नेऊन टांगल्या. चाळीत वारा दोन्ही बाजूंनी, सावली बेताची, साहेबाच्या बापाला तरी याहून चांगलं काय मिळालं असेल? पहिल्यांदाच मला वाटलं की जमणार. त्या आठवड्यात रोज कंपनीत साहेब विचारायचा, मुरारी, कैसा है, आणि मी, बहोत अच्छा है, म्हणायचो. अगदी खोटं नव्हतं.

चंपाषष्ठीला अक्का तळी भरायला आली होती. सोमवारी निघाली. लेक माहेराहून रिकाम्या हातानं जात नाही, घरात जे निघालं असेल त्याचा वानवळा तिच्याबरोबर जातोच. तेव्हा आईनं वांगी, नवे कांदे आणि बाजरीचं पीठ यांच्याबरोबर एक नळीही गाठोड्यात घातली. सोमवार म्हणून स्वतः हात लावला नाही, गवराबाईंकडून बांधून घेतली. मला विचारलं नाही. मी विचारल्यावर म्हणाली, लेकीच्या वानवळ्याला कुणी विचारतं व्हय? अक्काचा हक्कच आहे तो. माझी काहीही तक्रार नाही, हे आपण ध्यानात घ्यावं.

राहिल्या दोन. नाताळ मंगळवारी होता. आदल्या रविवारी दुपारी मी नळ्या कितपत वाळल्या ते बघायला चाळीत गेलो, तर आत तात्या बसलेले. मांडीवर भाकरी, हातात कोयता, आणि दोन नळ्यांपैकी एकीचं फक्त सुतळीचं टोक शिल्लक. रविवार, दाजी! ज्या रविवारापायी मी आठवडेच्या आठवडे गावभर काठी मिरवली, तो रविवार! तात्यांनी शांतपणे हात पुसले आणि म्हणाले, "मटन व्हतं तवा व्हतं. आता हे वाळवण हाय. वाळवणाला वार नसतो." मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, आधी वाळलं कुठं व्हतं? डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याच्या चाळीमुळं असं समजून मी उरलेली एक नळी छातीशी धरून घरी आणली, आणि दोन रात्री उशाखाली घेऊन झोपलो. (मंडळींचं बोलणं बंद झालं ते तेव्हा.)

नाताळच्या दिवशी साहेबाच्या चिंचवडच्या बंगल्यावर गेलो. साहेबानं नळी हातात घेतली, वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. सुरीनं पातळ काप केला, उजेडाकडे धरून बघितला, आणि तोंडात टाकला. हळद, राख, ताक, गोवऱ्यांचा धूर, मसाला आणि रॉकेल, एवढं सगळं त्या एका कापात होतं. साहेब बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "ये वो नहीं है." यादीवरचं नाव डोळ्यांदेखत पुसलं गेलं. साहेबानं दुसरा काप केला. मग तिसरा. मग खुर्ची ओढून नीट बसला, चष्मा काढून ठेवला आणि अख्खी नळी संपवली. शेवटी सुतळी चोखून म्हणाला, मेरा बाप का इससे अच्छा नहीं था. आणि दाजी, तो एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. मीही रडलो. तो बापासाठी रडला, मी यादीसाठी. पण शेजारी शेजारी बसून रडलो.

तर अशी ही गंमत. हसू आलं असेल तर पत्राचं सार्थक झालं. वरचा मजकूर वाचून आपल्या ध्यानात आलंच असेल, की ती वस्तू पोटाला किती वाईट. राख काय, सुरुंगाचा सोरा काय, गोवऱ्यांचा धूर काय! पित्ताच्या माणसानं तर तिच्याकडे बघूही नये. अक्काच्या वानवळ्यातली अजून तशीच राहिली असेल, तर आपण मुळीच तोंडी लावू नये, ही काळजीपोटी विनंती. बाकी क्षेम.

आपल्या जेवणाखाण्याची रात्रंदिवस चिंता करणारा,
मुरारी

ता. क. — ती वस्तू टाकून देण्याचा त्रासही आपण घेऊ नये. उकिरड्यावर टाकली तर कुत्र्यामांजरांना बाधेल. त्यापेक्षा नाशिक-पुणे एस.टी.च्या कंडक्टरकडे फडक्यात बांधून द्यावी. मी चाकणच्या स्टँडवर उभा राहून उतरवून घेईन आणि इकडे तिची नीट विल्हेवाट लावीन.

ता. क. दुसरा — मंडळींनी पत्र वाचून घेतलं आणि म्हणाल्या, खरं लिवा की. तर खरं लिहितो. शनिवारी, ता. १९ला, पेद्रिनी साहेब मोठ्या साहेबांना जेवायला बोलावणार आहे. तिथं ती वस्तू पुढं ठेवायची, आणि मुरारी कायम हवा, असा शब्द टाकायचा, असं त्यानं मला आपणहून सांगितलं आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो मायदेशी जाणार, आणि त्यानंतर यादी. अगदी तश्शीच एक आण, म्हणाला. मी होय म्हणालो (माझी जीभ कापून टाकली पाहिजे). नवी करायला पाच आठवडे लागतात, दिवस उरलेत तेरा. तशी नळी आता अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि ती आपल्या घरी. लेकीला दिलेला वानवळा परत मागणाऱ्या माणसाचं तोंड बघू नये, हे मला कळतं. आई हे पत्र बघेल तर मला घरात घेणार नाही. तरीही मागतो. दाजी, परत द्या. पाहिजे तर पुढच्या दिवाळीला काठ आपण स्वतः निवडा. मी वर्षभर रोज सकाळी सायकल मारतो, आणि रोज गेटपाशी पोचेपर्यंत वाटत राहतं, आज आत घेतील ना?

ता. क. शेवटचा — आणि खाऊन टाकली असेल, तर पोटाची काळजी करू नये. राखेचं, सोऱ्याचं, धुराचं वर लिहिलं आहे ते आपण खाऊ नये म्हणून जरा वाढवून लिहिलं. रॉकेलचं मात्र खरं आहे. पण खाल्ली असेल तर एक उपकार करा, ती कशी लागली ते उलट टपाली सविस्तर कळवा. तश्शीच दुसरी करायची म्हणजे ती कशी होती हे ठाऊक हवं, आणि तेवढं मला ठाऊक नाही. वाटी आली तेव्हा मी शिफ्टवर होतो. साहेबानं पहिला काप माझ्यापुढंही धरला होता, पण एकदम कसं घ्यायचं, दुसऱ्यांदा आग्रह करतीलच, म्हणून मी नको म्हणालो. त्यांच्यात आग्रह एकदाच करतात.